तक्ता, पाच वाजेपर्यंत

दिल्लीहून मेल: शेजारी देशांशी तुलना करून
तक्ता पाठवा, आज पाचच्या आत.
बाहेर पंचेचाळीस. अमरावती रोडवर
डांबराला चपला चिकटतायत,
आणि लांजेवार मॅडम म्हणतात, तूच कर,
तुला एक्सेल येतं.

म्हणून बसलेय कूलरच्या तोंडाशी
ओल्या वाळ्याच्या वासात,
देशांना ओळीने बसवत.
चीनचा आकडा इतका रुंद
की रकान्यात नुसत्या फुल्या दिसायला लागल्या,
भिंत सरकवावी लागली.
बाकी आम्ही सगळे टक्क्याच्या आतले,
पूर्णांकाच्या जागी शून्य, आणि त्यानंतर
उंबऱ्यावर बसलेल्या माशीएवढं दशांशचिन्ह.
नेपाळचा आकडा जुना आहे,
मी दहावीत होते तेव्हाचा.
भूतानपुढे लिहिलं, उपलब्ध नाही.
लिहिताना उगाच वाटलं,
मी दार वाजवलं
आणि घरातली माणसं शेतावर गेली होती.

शोधनिबंध किती, दर दहा लाखांमागे किती,
दुसऱ्यांनी किती वेळा नाव घेतलं,
सगळं सापडतं.
माझी फेलोशिप सात महिने आलेली नाही,
तीही यातच असणार कुठेतरी,
'खर्च' या शब्दाच्या पोटात,
झाला असं धरून.

पाकिस्तानच्या ओळीवर आले आणि थांबले.
त्या ओळीत नुजहत आहे.
कोलंबोच्या परिषदेत भेटली, चहाच्या रांगेत.
मुलतानची. तीही बोंडअळीवाली.
आपल्या झीरो माईलच्या दगडावर
जबलपूर आहे, छिंदवाडा आहे, हैदराबाद आहे;
मुलतान किती मैल, ते कोरलेलं नाही.
अळी तिकडे पाठवता येत नाही,
म्हणून आम्ही तिची अक्षरं पाठवतो एकमेकींना,
ए, टी, जी, सी, पानंच्या पानं.
एकदा दोन पानं शेजारी लावली,
हिंगण्याच्या कपाशीतली आणि तिच्याकडची.
चारशे अक्षरांत फरक तीन.
तिने लिहिलं, मुबारक हो, तू खाला झालीस.

दीडला लाइन गेली.
उणे ऐंशीच्या नव्या फ्रीजरचं टेंडर तिसऱ्यांदा निघालंय,
जुन्यात दोन हंगामांच्या अळ्या,
आणि जनरेटरच्या डिझेलची फाइल सहीला.
उईके काहीच विचारत नाही.
स्कूटरवर पायाशी पोतं अंथरतो,
बर्फाच्या कारखान्यावर
सरबतवाल्यांच्या मागे रांगेत उभा राहतो,
लादी घेऊन येतो.
पैसे त्याचे. पावती मागितली
तर कारखानेवाला हसते म्हणे.

मागच्या मे महिन्यात हे नुजहतला कळवलं होतं.
तिचं उत्तर एका ओळीचं:
आमच्या बर्फवाल्याचं नाव अल्लादित्ता.

तक्त्यात सात रकाने होते.
मी आठवा काढून पाहिला.
वर लिहिलं, बर्फ. एकक, लादी.
भारत भरला, पाकिस्तान भरला.
बांगलादेशात कोण आणत असेल?
कँडीत? चीनच्या एखाद्या आडगावी
असेलच की कुणी सायकलवर.
मग मॅडमची चप्पल वाजली जिन्यात,
आणि मी रकाना पुसला.

पावणेपाचला तक्ता गेला.
उईके फरशीवर लादी फोडत होता.
मॅडम, मंग आपला नंबर कितवा आला जी?
एकूण धरलं तर दुसरा, म्हटलं. माणशी काढलं तर...
माणशी नोका काढू, तो म्हणाला,
पोरगी वर्गात दुसरी आली म्हनलं का झालं,
वर्गात पोरं किती हाय, थे कोन पुसते.

कॉरिडॉरभर पाणी झालं होतं.
मी पाय सांभाळत गेले
आणि फ्रीजरचं झाकण धरलं.